कार नसताना विदर्भात सायकल, रेल्वे आणि एसटीने चार-पाच दिवस फिरता येईल का?

येईल. एवढंच लिहून थांबले असते. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जोडलंय, "तिकडे खेड्यांत पाहण्यासारखं काही आहे का, की कोकणच बरं?" हे वाक्य मी पंचवीस वर्षं माझ्या सख्ख्या मोठ्या भावाकडून ऐकते आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

माझं माहेर गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. शाळेला मी रोज सायकलीनेच जायचे. दहावी झाली आणि "आता हिला कायले लागते" म्हणून ती सायकल विकली. त्या पैशांत भर घालून दादाची मोपेड आली. पुढे मोटरसायकल, मग कार. मी लग्न होऊन नागपूरला आले. दादाचं मत कायम एकच: आपल्या भागात स्वतःची गाडी नसेल तर फिरणं होत नाही, आणि फिरून पाहायला तरी काय आहे, धान आणि जंगल. माझं म्हणणं असं की आपला भाग कारमधून दिसतच नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मुलीला घेऊन निघाले. ती तेव्हा आठवीत होती. दोघींच्या दोन साध्या सायकली, ना गिअर ना काही. आदल्या रात्री दादाचा फोन. "बाई, जंगलाची वाट हाय. डायवर देतो, गाडी देतो, कायले हट्ट करतेस?" मी नको म्हटलं. आवाज चढला माझा, मुलगी बघत होती.

नागपूर ते गोंदिया सायकली रेल्वेने नेल्या. पूर्ण आकाराची सायकल डब्यात घेऊन चढायचं नसतं, ती लगेजमध्ये बुक करून ब्रेकव्हॅनमधून जाते. आपलं तिकीट दाखवायचं, वजन होतं, पावती मिळते. गाडीच्या वेळेआधी अर्धा तास तरी पोचलं पाहिजे. मी तासभर आधी गेले होते आणि तो तास पुरला नाही असं वाटलं. नाव आणि उतरायचं स्टेशन पुठ्ठ्यावर लिहून पुठ्ठा दांडीला सुतळीने घट्ट बांधा. आणि ऐका, बुकिंग मोठ्या स्टेशनापर्यंतच करा. लहान स्टेशनावर गाडी एक-दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात ब्रेकव्हॅन उघडून सायकल खाली येत नाही. मी आधी देवलगावपर्यंत न्यायचं ठरवलं होतं, कारण नवेगावबांधला तेच स्टेशन जवळ. बरं झालं, खिडकीवरच्या माणसानेच गोंदियाच्या पुढचा विचार सोडायला लावला.

गोंदियाहून पुढे एसटी. गोरेगाव, कोहमारा, नवेगावबांध. टपावर कॅरिअर आणि मागे शिडी असलेली गाडी येईपर्यंत दोन गाड्या सोडल्या. कंडक्टर म्हणाले, "ताई, वर चढणार कोण?" मी चढले. साडीचा पदर खोचून चढले, मुलीने खालून सायकली दिल्या, एका म्हाताऱ्या बाबांनी दोर कसा टाकायचा ते खालून सांगितलं. हँडलला गोणपाट गुंडाळायचं आणि चाकातून नाही, दांडीतून दोर घ्यायचा. सायकलींचं सामानाचं तिकीट वेगळं लागलं. आमची दोघींची तिकिटं अर्धी, २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे. त्या टपावरून मला सगळं आवार दिसत होतं आणि मला दहावीतली मी आठवत होते.

आता तुमच्या "काय आहे" चं उत्तर. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी जमिनीचा उतार डोळ्यांनी वाचून बांधलेले. पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे आले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तरी नाव मालगुजारी तलाव असंच राहिलं. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. तलावाची मातीची भिंत म्हणजे आमच्याकडे पार. पारीखालच्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडातून पाणी सुटतं, धानाच्या एका बांधीतून (बांध घातलेल्या तुकड्यातून) दुसऱ्या बांधीत उतरत जातं, आणि खालच्या गावाची बोडी, म्हणजे लहान तळं, त्याच पाण्यावर भरते. दिवाळीनंतर धान कापून पुंजणे, म्हणजे धानाचे ढीग, रचलेले असतात, त्याच ओलीवर लाखोरीची डाळ उगवून आलेली असते, मासेमारी करणारे ढिवर लोक पाण्यात सिंगाडे काढत असतात. हे सगळं सायकलीच्या उंचीवरून आणि सायकलीच्या वेगाने दिसतं.

तिसऱ्या दिवशी अर्जुनीच्या अलीकडे एका पारीवर आम्ही बसलो होतो. बाभळीचा काटा गेलेला, मुलगी ट्यूब काढून पंक्चर शोधत होती. दादाचा फोन आला, "कुठी हा? मी निघालो न्यायले." मी म्हटलं, तलावाच्या पारीवर. तेवढ्यात त्याची पांढरी कार आमच्या पायाखालच्या रस्त्याने सरळ निघून गेली. मुलीने हात हलवला, हाका मारल्या. थोड्या वेळाने पुन्हा फोन. "कोणता तलाव? मी त्याच रस्त्यानं आलो, रस्त्यात काईच नाई." रस्ता पारीच्या खालून जातो. कारमधून डाव्या हाताला फक्त गवत उगवलेली माती दिसते. पाणी तिच्या पलीकडे असतं, क्षितिजापर्यंत.

तो परत फिरला, चढून वर आला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हा आत्याच्या गावचा तलाव होय?" याच तलावात तो पोहायला शिकला होता. वर्षानुवर्षं खालून ये-जा करत होता आणि विसरला होता. सायकली डिकीत टाकू म्हणाला, मुलीने ऐकलं नाही. आम्ही सायकलीनेच माहेरी पोचलो. दादा आजही म्हणतो गाडी लागतेच. मी आजही नाही म्हणते, आणि मी बरोबर आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, कोणी प्रेमाने कार देऊ केली तरी घेऊ नका. चार दिवस असतील तर गोंदिया, नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव, तिथून गोठणगावकडे आमच्याच भागातल्या प्रतापगडजवळची तिबेटी वसाहत आणि इटियाडोह धरण, शेवट वडसा. गडचिरोली जिल्ह्यातली रेल्वे म्हणजे वडसाच, गोंदिया-बल्लारशा लाईनवर. सायकलीची सवय नसेल तर आधी वर्ध्याला उतरून सेवाग्राम आणि पवनार करा, अंतरं लहान आहेत. शकुंतलेतून सायकल नेण्याची कल्पना मात्र सोडा, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ती छोटी गाडी आता धावत नाही. नागपूर-नागभीडची छोटी लाईनही २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. दादाची भीती खोटी नव्हती. वडसा, ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघाने माणसं मारली आहेत, नवेगाव-नागझिरा तर २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पच आहे. पहाटे आणि दिवस मावळताना जंगलाच्या रस्त्यावर सायकल घालू नका. दाट जंगलाचा तुकडा आला की सायकल एसटीवर टाका, आम्ही दोनदा टाकली. गावातली माणसं "आज तिकडे नका जाऊ" म्हणाली तर जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. जास्तीच्या ट्यूब, सोल्यूशन, पाना आणि पंप जवळ हवाच. शेवटची एसटी किती वाजता ते पोचल्यावर स्टँडवरच विचारून घ्या.

आणि वडसा गाठाल तर झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या या जंगलपट्ट्यातलं, नाटक पाहा. नाटक मंडळ्यांची ऑफिसं तिथेच आहेत, आज कोणत्या गावात प्रयोग आहे ते तिथे कळतं. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, तेव्हा गावात झोपायची सोय आधी सांगून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सायकलीला हात लावू नका.