कुणाची गं तू?

चि. ईरा,

कोल्हापूरच्या लग्नात तू माझा पदर ओढून विचारलंस, "आई, सगळे मला 'कुणाची गं तू?' असंच का विचारतात? माझं नाव कुणालाच नकोय का?" वर म्हणालीस, 'मोआना' सिनेमातला माउई तर कुणाचाच नसतो, तरी केवढा मोठा होतो. मला ते लागलं. पंगत बसत होती म्हणून बोलणं राहून गेलं.

अगं, आजोळी मी हा प्रश्न रोज ऐकायचे. भर दुपारी नदीवरून येताना कुणीतरी ओट्यावरून हाक मारायचं, "कुणाचं गं पोर?" "गुरुजींची नात" म्हटलं की तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा हातात. चप्पल तुटली तर सायकलच्या दांडीवर बसवून दारात आणून सोडायचे. नाव त्यांना ठाऊक नसायचं, पण मी परकी नव्हते.

आणि तरी तुझं खोटं नाही. मामाच्या शेजारी आत्याकडे वाढलेला एक मुलगा होता. तोच प्रश्न त्याला विचारला की तो खाली बघायचा आणि बायका पुढचं विचारतच राहायच्या. त्याला गूळ मिळाला नसेल असं नाही, पण तो त्या ओट्यासमोरून जायचंच टाळायचा.

माउईचं मात्र सांगायलाच हवं. 2016च्या त्या सिनेमात आईबाप त्याला समुद्रात टाकतात, देव उचलतात, गळही देवच देतात. इथले, न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी लोक सांगतात त्या गोष्टीत त्याला घरदार आहे. दिवस भरायच्या आधी जन्मला म्हणून तरंगा, त्याची आई, त्याला आपल्या केसांच्या बुचड्यात गुंडाळून लाटांवर सोडते. तो वाचतो, मोठा होतो आणि एका रात्री भावांमध्ये जाऊन बसतो. आई पोरं मोजते. चार हवीत, भरतात पाच. "तू माझा नव्हेस," म्हणते. मग तो बुचड्याची गोष्ट सांगतो, तेव्हा ती त्याला ओळखते आणि आपल्याजवळ झोपायला बोलावते. भाऊ जळतात, अर्थात. पुढे जन्मभर त्याच्या नावात आईचं नाव राहतं : माउई-तिकितिकि-आ-तरंगा.

आणि ती म्हातारी, मुरिरंगाव्हेनुआ, त्याची पूर्वज. माउई तिच्याकडे जातो. कुणीतरी आल्याचा सुगावा लागतो तेव्हा त्याला गिळायला तिचं पोट फुगलेलं असतं. ती एकेका दिशेचा वारा हुंगते. पश्चिमेच्या वाऱ्यावर आपल्या वंशाचा वास येतो आणि पोट ओसरतं. वास आला नसता तर तिने त्याला खाल्लंच असतं! उलट ती त्याला आपलं जबड्याचं हाड देते. त्याच हाडाचा गळ करून त्याने जो मासा ओढून काढला, तो म्हणजे हे उत्तर बेट. आपलं ऑकलंड त्याच माशावर आहे.

शाळेत पेपेहा, म्हणजे माओरी रीतीने स्वतःची ओळख, म्हणताना तू आधी डोंगर, नदी, आईबाबा सांगतेस आणि मग स्वतःचं नाव. तिथे तुला ते टोचत नाही, कारण सांगायची पाळी सगळ्यांवर येते. आपल्याकडे विचारणारा स्वतःचं काहीच सांगत नाही. हे तुझ्या प्रश्नामुळे माझ्या लक्षात आलं.

पुढच्या वेळी कुणी विचारलं तर आधी "मी ईरा" म्हण. मग वाटलं तर माझं नाव सांग, आणि त्यांनाही विचार, "तुम्ही कोण माझे?" नकोच वाटलं तर खेळायला पळ, पुढचं मी बघते.

तुझी,
आई