प्रार्थनेला बसते पण शब्दच फुटत नाही

प्रश्न: आमच्या रावेरकडे वादळात केळीचा उभा बाग आडवा झाला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, त्यात मालकांचं डायलिसिस सुरू. रविवारी चर्चला जाते पण प्रार्थना होत नाही, नुसतं रडू येतं. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर: नाही ताई, अजिबात नाही. बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ काढून वाचा, एलीया एवढा मोठा संदेष्टा पण थकून झुडपाखाली बसला आणि मला मरण दे म्हणाला, तर देव त्याला रागावला का, नाही, देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, परत उठवून खाऊ घातलं. उपदेश नाही, आधी भाकर! म्हणून म्हणते, आज तुम्ही पण दोन घास कळण्याची भाकर खा, झोपा. आणि रडणं हीपण प्रार्थनाच आहे हो, स्तोत्र १३ मध्ये दावीद पहिल्या दोन ओळींतच चार वेळा "किती वेळ" विचारतो.

यहोशाफाट राजापण मोठी फौज चालून आली तेव्हा सगळ्यांसमोर देवाला बोलला की काय करावं सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागलेत (२ इतिहास २०:१२). शब्द नसतील तर एवढंच म्हणा.

पण एकट्या राहू नका. पंचनाम्याचं तलाठ्याकडे विचारायला, सोसायटीत मुदत मागायला चर्चच्या मंडळीतल्या कोणाला तरी सोबत न्या, डायलिसिसच्या दिवशी दवाखान्यात बसायला पण हक्काने बोलवा, लाजू नका.