दिव्यांगांच्या पार्किंगमध्ये जनरेटर

प्रश्न : नवी पेठेजवळच्या एका व्यापारी संकुलात आईला फिजिओथेरपीसाठी नेतो. ती व्हीलचेअरवर असते. दिव्यांगांसाठी आखलेल्या जागेत जनरेटर आणि दुकानदारांच्या दुचाक्या उभ्या असतात. वॉचमन म्हणतो, "खासगी इमारत आहे, गाडी रस्त्यावर लावा." तशी लावली तर नो-पार्किंगचा दंड झाला. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वॉचमनशी हुज्जत घालू नका, त्याच्या हातात काही नाही. पण 'खासगी इमारत' ही सबब कायद्यात बसत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार लोकांचा वावर असलेली खासगी इमारतही 'सार्वजनिक इमारत'च. दुकाने आली, दवाखानेही आले. सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय बांधकाम परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे कलम 44 सांगते. जुन्या इमारतींसाठी कलम 45 आहे.

राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत अशी जागा प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत आणि किमान 3.6 मीटर रुंद हवी. ही रुंदी कशाला, ते तुम्हाला सांगायला नको. दार पूर्ण उघडून खुर्ची थेट सीटला भिडवावी लागते. म्हणून 'गाडी मावेल एवढी' जागा रिकामी करून कोणी तुमची बोळवण करू पाहील, तर मानू नका. टेप लावून मोजा, टेपसकट फोटो काढा.

आता खरे काम. महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात माहिती अधिकाराचा अर्ज द्या आणि मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) मागा. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. नकाशात ती जागा पार्किंग म्हणून दाखवली असेल, तर तिथला जनरेटर हा नकाशाचा भंग ठरतो. मग नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली नोटीस काढा, असा अर्ज महापालिका आयुक्तांकडे करा. माझ्या मते इथेच प्रकरण मिटेल. नाहीच मिटले, तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. अधिनियमाच्या भंगाला कलम 89 खाली पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत दंड आहे. तो कोणी मनावर घेत नाही. पुढच्या वेळी मात्र 50 हजार ते 5 लाख.

तुम्हाला झालेला दंड यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) दाखवून आपोआप माफ होत नाही, तो भरून टाका. पावती मात्र जपा आणि तक्रारीला जोडा. आतली जागा अडवल्यामुळे गाडी रस्त्यावर लावावी लागली, याचा तो तारखेसह पुरावा आहे.