तापातला झटका आणि कांदा

प्रश्न : आमच्या दोन वर्षांच्या मुलाला ताप चढताना झटका आला; डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. सासूबाईंनी कांदा हुंगवल्यावर तो शांत झाला. पुन्हा असे होईल का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : वर्णनावरून हा तापातला झटका वाटतो. तो साधारण ६ महिने ते ५ वर्षे या वयात येतो आणि बहुधा काही मिनिटांत आपोआप थांबतो. कांद्याला श्रेय मिळते ते त्यामुळेच. पुन्हा झटका येण्याची शक्यता सुमारे तिघांत एकाला असते. तसे झाल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये आणि घड्याळ पाहावे. झटका ५ मिनिटांहून लांबला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पॅरासिटामॉलने मुलाला आराम पडतो, झटका टळेलच असे नाही. पहिल्या झटक्यानंतर मात्र त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक असते. ती राहिली असल्यास आजच करून घ्यावी.