राजीनामा दिलेल्या माणसाचा हिशेब पुढच्या पगारासोबत चालेल का?

नाही, चालणार नाही. साकीनाक्याला तुमचा पॅकिंगचा गाळा आहे, 14 माणसं आहेत, त्यातला सहा वर्षं काम केलेला मशिन ऑपरेटर राजीनामा देऊन गेला आणि त्याचा हिशेब तुम्ही पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला द्यायचं म्हणताय. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, 29 जुने कायदे त्यात गेले. त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे माणसाला काढलं असो की त्याने स्वतःहून सोडलं असो, त्याचा उरलेला पगार त्यानंतर कामाच्या दोन दिवसांत द्यायचा. पूर्वी ही घाई मालकाने काढलं तरच होती. राजीनामा आता त्यात आला, आणि बहुतेक गाळेवाल्यांचं लक्ष नेमकं इथेच नाही.

माझ्या मते हा सगळ्यात चांगला बदल आहे. मी पूर्वी जिथे पगारपत्रक करायचो तिथला एक कामगार उरलेल्या पगारासाठी नालासोपाऱ्याहून चार वेळा आला. दर वेळी गणवेश परत करायला म्हणून धुऊन, इस्त्री करून पिशवीत घालून आणायचा आणि दर वेळी तो तसाच परत न्यायचा, कारण सही करणारं कोणी नसायचं. ती पिशवी अजून डोळ्यांसमोर आहे.

दोन दिवसांत हिशेब द्यायचा तर मस्टर, ओव्हरटाइम आणि उचल यांची नोंद रोजच्या रोज हवी. डायरीत पेन्सिलीने लिहिलेल्या उचलीवरूनच शेवटी भांडण होतं.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणाऱ्या रकमेचं, वेगळं. तिला 30 दिवस मिळतात, पण आकडा नीट काढा. समजा त्याला महिना 40,000 पडतात. बेसिक 15,000, आणि घरभाडं, प्रवास भत्ता, मालकाचा पीएफचा हिस्सा मिळून 25,000. वेतनातून वगळलेले असे भाग एकूण रकमेच्या निम्म्यावर गेले की वरचे पैसे वेतनात धरायचे. निम्मे म्हणजे 20,000, वरचे 5,000 बेसिकमध्ये मिळवा, म्हणजे वेतन 20,000. त्याला 15 ने गुणा, 26 ने भागा, सहा वर्षांनी गुणा: 69,231 रुपये. नुसत्या बेसिकवर 51,923 आले असते. हा फरक त्याचा हक्काचा आहे, तो ठेवून घेऊ नका.

वेतन वाढलं म्हणून पीएफ जास्त कापला जाईल, ही धास्ती मात्र नको. पीएफ 15,000 वेतनाच्या मर्यादेवर कापत असाल तर हातात येणारा पगार या बदलामुळे कमी होत नाही.

मुदतीच्या करारावर कोणी असेल तर त्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षानंतर सेवेच्या प्रमाणात द्यावी लागते. आणि तुमच्याकडे दहाच्या वर कामगार आहेत, त्यामुळे बाकीच्या 13 जणांना नेमणूकपत्रं दिली नसतील तर तीही आता सक्तीची आहेत.

पण आधी त्या ऑपरेटरला फोन करा. दोन दिवस अजून उलटले नसतील तर आज मस्टर घेऊन बसा आणि पैसे थेट त्याच्या खात्यात टाका. त्याला गाळ्यावर हेलपाटा घालायला लावू नका.