सेगा सॅटर्न घेतोयस? आधी सेल बदल

प्लेस्टेशनच्या गर्दीत मागे पडलेलं हे जुनं व्हिडिओ गेमचं मशीन घ्यायचं ठरवलंस, बरं केलंस. हातात आलं की मागचं छोटं झाकण उघड आणि सीआर २०३२ सेल बदल. तो मेला की आतले सगळे सेव्ह, म्हणजे खेळांची जपून ठेवलेली प्रगती, गेलेच म्हणून समज. कार्ट्रिजचा (जादा मेमरीच्या डबीचा) स्लॉटही हट्टी असतो. 'कार्ट्रिज सापडत नाही' असं दिसलं की घाबरू नकोस, पिना आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पूस, पुन्हा बसव.

त्रिमितीय खेळांत प्लेस्टेशनशी तुलना करत बसू नकोस, तिथे सॅटर्न सहसा कमीच पडतं. त्याची खरी मजा द्विमितीय खेळांत. १९९६ चा 'गार्डियन हीरोज' लाव. 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर'ला मात्र ४ एमबीचं रॅम कार्ट्रिज लागतंच. 'पँझर ड्रॅगून सागा' चार डिस्कचा आणि भयंकर महाग. सुरुवात त्याने नकोच.

आणि जमलं तर जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही शोध. सावल्या, धूर दाखवायला सॅटर्न बऱ्याचदा ठिपक्यांची जाळी वापरतं. साध्या व्हिडिओ केबलवर, जुन्या पडद्यावर ती विरघळून खरोखर पारदर्शक वाटते. नव्या टीव्हीवर चक्क मच्छरदाणी दिसते!