आज किती ताटं?

(पत्र थोडक्यात: “आई 81 वर्षांची आहे. तीन वर्षांपासून पनवेलजवळच्या वृद्धाश्रमात असते. विस्मरण वाढत चाललंय. मी जमेल तसा, महिन्यातून एकदा जातो. पुढच्या महिन्यात तिथेच तिचं सहस्रचंद्रदर्शन आहे. फुलांची सजावट, जुन्या फोटोंची अर्ध्या तासाची फिल्म, माझं भाषण आणि साठ जणांना जेवणाची पाकिटं असं ठरवलंय. फ्लेक्सवर ‘आदर्श गृहिणी, वात्सल्यमूर्ती’ लिहितोय. बाबा परळच्या गिरणीत होते, त्यांच्या कष्टांवर आम्ही भावंडं शिकलो. एवढीशी खोली, त्यात बाहेरची माणसं जेवायला यायची, म्हणून मी जिन्यात बसून अभ्यास केला. अडचण एकच आहे. जेवणाच्या वेळी आई सगळ्यांची ताटं मोजत सुटते. ‘शिराळ्याचे सहा खाडे’, ‘पाटणचा रात्रपाळीला’ असं काहीतरी असंबद्ध बोलते, हे तिथल्या मावशींनी मला सांगितलं. पाहुण्यांसमोर शोभा नको. त्या दिवसापुरती शांत राहायची एखादी गोळी डॉक्टरांकडून मागून घ्यावी का? – एक मुलगा, ठाणे”)

गोळी नाही. तो विषय इथेच संपला.

आता तुमच्या त्या ‘बाहेरच्या माणसां’कडे येऊ. किती होती हो ती? दहा? वीस? रोज, दोन्ही वेळा, एवढ्याशा खोलीत माणसं जेवायला येतात, त्यांच्यापायी घरच्या मुलाला जिन्यात बसावं लागतं, आणि ती कोण होती हे सांगायला तुम्हाला एक शब्द सापडत नाही? मी सांगते. खानावळ. तुमची आई खानावळ चालवत होती.

हा शब्द तुम्ही पत्रात कुठेही लिहिलेला नाही. जिना मात्र लिहिलात. तो भाषणातही असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

खाडा म्हणजे काय हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, तरी इतर वाचकांसाठी सांगते. खानावळीत महिन्याने जेवणारा तो मेंबर. गावी गेला, आजारी पडला, जेवायला आला नाही, की त्याच्या नावावर खाडा पडायचा आणि पगार झाल्यावर खाडे वजा करून पैसे घ्यायचे. शिराळ्याच्या माणसाचे सहा खाडे झाले होते. पाटणचा रात्रपाळीला होता, म्हणजे भोंग्याच्या आत त्याचं ताट वाढून व्हायला हवं. याला तुम्ही असंबद्ध म्हणता? तुमच्या अख्ख्या पत्रात याच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही. बाई कामावर आहे. तुम्ही तिला गोळी द्यायला निघालात.

माझे एक मामा लालबागला राहायचे. एका खोलीत वीसेक गाववाले. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून झोपायलाही नंबर लागायचे. म्हातारपणी त्यांना खोलीतल्या निम्म्या सोबत्यांची नावं आठवत नव्हती, पण खानावळवाल्या मावशी बांगड्याचं तिखलं कसं करायच्या, ते हात हलवून सांगायचे. बायकामुलं कोकणात किंवा घाटावर ठेवून आलेल्या माणसांना गिरणगावात दोन वेळचं ताट अशाच कुठल्यातरी बाईकडे मिळायचं. किराणा उधारीवर, तो चुकवायला सावकार, आणि वाण्याच्या आधी पाण्याच्या नळाशी भांडण. या बायकांना बँकेने कर्जासाठी दारात उभं करावं म्हणून कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तुमची आई त्यात होती का? तिने कधी कर्ज काढलं होतं का? तुम्हाला ठाऊक नसेल. फिल्मच्या अर्ध्या तासात लग्नाचा फोटो, तुमची मुंज, नातवंडं हे सगळं असेल. चूल नसेल.

आणखी एक हिशेब मांडते. आई आज 81ची, म्हणजे 1982 साली चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि तुम्ही भावंडं बहुतेक शाळेत. 18 जानेवारी 1982ला कामगार नेते दत्ता सामंतांनी पुकारलेला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, कितीतरी जणांना पुन्हा कामावर घेतलं नाही. बाबा तेव्हा गिरणीत असतील, तर त्यांचा पगार थांबला. तुमची शाळा थांबली नाही. मधले पैसे कुठून आले? मेंबरही संपावरच होते. कितीजण उधारी ठेवून गावी गेले असतील, कितीजण परत आले असतील. मग त्या बाईने ते घर कसं चालवलं? मला माहीत नाही. तुम्हीही कधी विचारलं नाही. ज्या एका माणसाला हे माहीत आहे, ते माणूस रोज दुपारी साडेअकराला ताटं मोजतंय.

म्हातारी माणसं मागचं उगाळतात त्याला आपण बडबड म्हणतो. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने 1963 सालीच लिहून ठेवलंय की हे डोकं गेल्याचं लक्षण समजू नका, आयुष्य शेवटाकडे आलं की माणूस त्याची फेरतपासणी करतो. तुमच्या आईच्या बाबतीत तर हे शब्दशः खरं आहे. ती हिशेब तपासतेय, आणि लिहून घ्यायला कुणी नाही. आश्रमातल्या ज्या मावशींनी तिचे शब्द तुमच्यापर्यंत जसेच्या तसे पोचवले, त्यांनी निदान कान देऊन ऐकलं.

तर एवढं करा. भाषण बाजूला ठेवा. येत्या रविवारी दुकानातून एक वही घ्या, लाल कापडी बांधणीची, लांबट, वाणी वापरतात तशी. साडेअकराच्या आत आश्रमात पोचा. पंगत बसायच्या वेळी आईशेजारी बसा, वही उघडा आणि एकच विचारा: “आज किती ताटं?” ती सांगेल ते लिहा. शिराळा, पाटण, जे गाव येईल ते. मध्ये ‘आई, आता कुठले मेंबर’ असं म्हणायचं नाही. ‘आठवतं का गं’ असंही नाही, ती परीक्षा झाली. ती बोलली नाही तर गप्प बसून वाढप बघा आणि पुढच्या रविवारी पुन्हा जा. कार्यक्रमाला चार रविवार आहेत.

कार्यक्रमात ती वही वाचा. फिल्म लावायची तर लावा, मला तिचं काही नाही. ‘आदर्श गृहिणी’ मात्र पुसा आणि तिथे खानावळ हा शब्द मोठ्या अक्षरांत येऊ द्या. पाकिटं रद्द करा. पाकिटांत ती काय मोजणार? ताटं मांडा आणि साठ भरली की नाही ते तिला सांगू द्या. तुमच्या पाहुण्यांपैकी कुणाला त्याची लाज वाटलीच, तर त्यांना बसायला जिना आहे.

आणि वहीचं पहिलं पान स्वतःच्या नावाने काढा. महिन्यातून एकदा जाता म्हणालात. तुमचे खाडे किती झाले, ते तिला विचारा.